अडतीस टक्क्यांचे साडेसात कसे झाले? सागरतळावरच्या बेसाल्टची उलटतपासणी

जगभरच्या मध्य-महासागरी पर्वतरांगांवरून (जिथे समुद्रतळ दुभंगून नवं कवच तयार होतं) गोळा केलेल्या बेसाल्टी काचेच्या हजारो विश्लेषणांची सरासरी काढली, तर ती साधारण अशी येते: सिलिका ५०.५ टक्के, ॲल्युमिना १४.७, कॅल्शियम ऑक्साइड ११.४, लोह ऑक्साइड १०.४, मॅग्नेशियम ऑक्साइड ७.६, सोडियम ऑक्साइड २.८, टायटेनियम ऑक्साइड १.७ आणि पोटॅशियम ऑक्साइड अवघं ०.१६. ही काच म्हणजे लाव्हा समुद्रतळाच्या गार पाण्याला भिडताच त्याच्या अंगावर गोठणारा पातळ काळा पापुद्रा. स्फटिक वाढायला उसंतच मिळत नाही, त्यामुळे त्या घडीला द्रवात जे होतं ते काचेत तसंच्या तसं अडकून राहतं.

हा लाव्हा ज्या खडकातून येतो, तो प्रावरणातला, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातला, पेरिडोटाइट. त्याची ओळ वेगळीच आहे: सिलिका ४५, मॅग्नेशियम ऑक्साइड ३८ ते ३९, लोह ऑक्साइड ८, ॲल्युमिना ४, कॅल्शियम ऑक्साइड तीनच्या थोडं वर.

मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी भूविज्ञान शिकवते. एम.एस्सी.च्या वर्गाला मी या दोन ओळी दिल्या आणि एकच प्रश्न घातला: मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अडतीसचे साडेसात कुठे झाले, आणि कशामुळे? पाठ्यपुस्तक जिथून सुरुवात करतं त्याच्या बरोबर उलट टोकाकडून जायचं, अशी अट होती. पुस्तकात आधी प्रावरण वर येतं, मग वितळतं, मग शिलारस (वितळलेला खडक) वर चढतो आणि शेवटी लाव्हा वाहतो. मुलं ते पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. पण आपल्या हातात खरोखर येतो तो फक्त शेवटचा लाव्हा. बाकी सगळं त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं. माझं ठाम मत आहे की हा विषय वरून खाली शिकवला तरच पचतो. त्या वर्गात काय झालं ते म्हणूनच सविस्तर मांडते आहे.

आपल्याला सगळ्यांत जवळची अशी रांग म्हणजे कार्ल्सबर्ग रिज. मुंबईपासून नैऋत्येला सुमारे दोन हजार किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या पार दक्षिणेला, काही किलोमीटर पाण्याखाली. 'डाना' या डॅनिश जहाजाच्या १९२८ ते १९३० च्या मोहिमेत तिचा शोध लागला आणि मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचं नाव तिला मिळालं. १९६२ साली याच रांगेवर घेतलेल्या चुंबकीय मोजमापांच्या आधारे व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये सागरतळ पसरतो याचा पुरावा मांडला. इतकी महत्त्वाची रांग आपल्या समुद्रात आहे आणि मुंबईतला भूविज्ञानाचा विद्यार्थीसुद्धा तिचं नाव परीक्षेपुरतंच घेतो, याची मला मनापासून खंत वाटते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर समुद्राखाली असलेल्या लक्ष्मी रिजच्या पलीकडे अरबी समुद्राचा जो खोल तळ आहे, तो याच रांगेवर जन्मला.

पहिला दावा

"मॅडम, जे वितळलं तेच वर आलं. मध्ये काय व्हायचंय?" वर्गातल्या एकाने असं म्हटलं आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. दावा सरळ होता: खालचा पेरिडोटाइट थोडासा वितळला, त्यातून ७.६ टक्के मॅग्नेशियमचा द्रव निघाला, तो वर आला आणि गोठला. एकाच पायरीत काम संपलं.

दावा तपासायला एक चांगलं हत्यार आहे. बेसाल्टी द्रव आणि त्यात वाढणारं ऑलिव्हीन (मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका यांचं हिरवट खनिज) समतोलात असतील, तर दोघांमधल्या लोह आणि मॅग्नेशियमच्या वाटणीचं एक ठरलेलं नातं असतं. रोडर आणि एम्स्ली यांनी १९७० मध्ये प्रयोगांनी दाखवलं की द्रवातलं मॅग्नेशियम-लोह गुणोत्तर हे ऑलिव्हीनमधल्या गुणोत्तराच्या सुमारे ०.३ पट असतं, आणि तापमान बदललं तरी हा आकडा फारसा हलत नाही. म्हणजे द्रव हाती असेल तर तो कोणत्या ऑलिव्हीनसोबत राहत होता ते काढता येतं.

मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला. ७.६ ला मॅग्नेशियम ऑक्साइडच्या रेणुभाराने, ४०.३ ने, भागलं: ०.१८९. लोहापैकी दहावा हिस्सा जास्त ऑक्सिडित अवस्थेत असतो असं धरून उरलेल्या ९.४ ला ७१.८५ ने भागलं: ०.१३. दोघांचं गुणोत्तर आलं १.४५ च्या आसपास. त्याला ०.३ ने भागल्यावर ४.८. म्हणजे या द्रवाशी जुळणारं ऑलिव्हीन ८३ टक्के मॅग्नेशियमवालं असायला हवं, म्हणजे त्यातल्या मॅग्नेशियम आणि लोहाच्या अणूंपैकी ८३ टक्के मॅग्नेशियमचे.

आणि प्रावरणातलं ऑलिव्हीन असतं ८९ ते ९१ टक्क्यांचं. रांगांवरून खेचून काढलेल्या पेरिडोटाइटमध्ये हाच आकडा पुन्हा पुन्हा भेटतो.

तो दावा तिथेच पडला. ८३ वाल्या ऑलिव्हीनशी जुळणारा द्रव ९० वाल्या ऑलिव्हीनच्या खडकातून थेट निघूच शकत नाही. ९० शी जुळणारा द्रव हवा असेल तर त्याचं मॅग्नेशियम-लोह गुणोत्तर २.७ लागतं. लोह आहे तेवढंच ठेवलं तर मॅग्नेशियम ऑक्साइड १४ टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. पण लोहही मूळचं एवढं नव्हतं, ते वाटेत वाढलं आहे (याचा पुरावा पुढे येतो). ते साडेसात-आठपर्यंत उतरवलं की मूळ शिलारसात ११ ते १२ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड पुरतं. अभ्यासकांचे अंदाजही १० ते १३ च्या पट्ट्यातच फिरतात.

एक सावधगिरी मी इथेच सांगितली. सरासरीची ओळ म्हणजे कुठल्याही एका खऱ्या शिलारसाची ओळख नव्हे. तिच्यात वेगवेगळ्या रांगांचे, वेगवेगळ्या वाटांनी आलेले रस एकत्र झालेत. पण कुठलीही एखादी खरी काच घेतली तरी बहुतेक वेळा निकाल असाच लागतो. सागरी रांगांवर मूळ अवस्थेतला शिलारस जवळजवळ सापडतच नाही.

तेव्हा उतार दोन टप्प्यांचा आहे: ३८ वरून १२, आणि १२ वरून ७.६. दुसरा टप्पा लाव्हाच्या जवळचा, म्हणून आधी तो.

बारावरून साडेसात

शिलारस थंड होताना त्यातून आधी ऑलिव्हीन बाहेर पडतं. ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम भरपूर, त्यामुळे उरलेल्या द्रवातलं मॅग्नेशियम झपाट्याने घटतं. भाईंदरच्या एका विद्यार्थिनीच्या घरचं पूर्वी मिठागर होतं. तिने हे आमच्यापेक्षा नेमकं सांगितलं: समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा आधी चुन्याचा थर बसतो, मग जिप्सम, मग मीठ, आणि मीठ ओढून काढल्यावर जे पाणी उरतं ते मूळच्या समुद्रासारखं राहतच नाही, ते कडू होतं, कारण मॅग्नेशियमचे क्षार त्यातच राहतात. कोणता स्फटिक आधी बसला आणि तो द्रवापासून वेगळा झाला की नाही, यावर उरलेल्या द्रवाचं रसायन ठरतं. शिलारसाच्या बाबतीत हीच प्रक्रिया नॉर्मन बोवेन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगशाळेत मांडून दाखवली.

मुलांनी मग उत्साहाने एक सोपा उपाय केला: ७.६ वाल्या ओळीत थोडं थोडं ऑलिव्हीन परत मिसळत जायचं, ९० शी जुळेपर्यंत. मॅग्नेशियम सुधारलं, पण ॲल्युमिना फसलं. ऑलिव्हीनमध्ये ॲल्युमिनियम नाही. नुसतं ऑलिव्हीनच बाहेर पडलं असतं, तर उरलेल्या द्रवात ॲल्युमिना वाढत गेलं असतं. प्रत्यक्षात एकाच रांगेच्या एकाच तुकड्यावरच्या काचा मॅग्नेशियमच्या उतरत्या क्रमाने मांडल्या, तर ॲल्युमिना वाढण्याऐवजी खाली येताना दिसतं. म्हणजे ॲल्युमिनियम घेऊन जाणारं दुसरं कुणीतरी आहे.

ते प्लॅजिओक्लेज, कॅल्शियम, सोडियम आणि ॲल्युमिनियमचं फिकट रंगाचं खनिज. आणि ते सिद्ध करायला मुंबईच्या विद्यार्थ्याला जहाजाची गरज नाही. कसारा घाटात आणि कर्जतजवळच्या कशेळे परिसरात दख्खन ट्रॅपचे असे थर आहेत की ज्यांच्यात प्लॅजिओक्लेजचे बोटाएवढाले पांढरट स्फटिक काळ्या दगडात आडवेतिडवे पडलेले दिसतात. महाकाय प्लॅजिओक्लेज बेसाल्ट म्हणून ते ओळखले जातात. विभागातल्या टेबलावर असाच एक तुकडा आहे. मी तो हातोहात फिरवला. स्फटिकाच्या कडा धारदार, आतून भिंगाला बारीक समांतर रेघा दिसतात, आणि भोवतालचा दगड इतका बारीक कणांचा की त्यात काहीच ओळखू येत नाही. एवढा मोठा स्फटिक बाहेर वाहत्या लाव्हात वाढत नाही. तो खाली कुठेतरी कोठीत, निवांत, बराच काळ वाढला आणि मग द्रवासोबत वर फेकला गेला. द्रव आणि स्फटिक यांचे रस्ते वेगळे होऊ शकतात, हे त्या तुकड्याने मुलांना जेवढं पटवलं तेवढं माझ्या कुठल्या आकृतीने पटवलं नसतं.

सागरी शिलारसात क्रम साधारण असा लागतो: आधी ऑलिव्हीन आणि सोबत थोडं क्रोमयुक्त स्पिनेल, मग ऑलिव्हीन आणि प्लॅजिओक्लेज जोडीने, मग त्यांना क्लिनोपायरॉक्सीन हे कॅल्शियमवालं खनिज येऊन मिळतं. शेवटचं आलं की कॅल्शियमही घसरू लागतं. या तिघांत लोह त्या मानाने कमी जातं, टायटेनियम तर जवळपास जातच नाही, म्हणून उरलेल्या द्रवात ही दोन्ही वाढत राहतात. मघाशी लोह वाटेत वाढलं असं म्हटलं, त्याचा पुरावा हा. १.७ टक्के टायटेनियम ऑक्साइड हीसुद्धा या शिलारसाने बराच माल मागे टाकल्याचीच खूण आहे. लोह-टायटेनियमची ऑक्साइडं स्फटिकरूपाने बाहेर पडायला लागेपर्यंत ही वाढ थांबत नाही.

मागे टाकलेला माल गेला कुठे? सागरी कवच सहा-सात किलोमीटर जाडीचं. त्यातले वरचे सुमारे दोन किलोमीटर लाव्हा आणि उभ्या डाइक (भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या भिंती) यांचे. त्याखालचे चार-पाच किलोमीटर गॅब्रोचे, म्हणजे नेमकं ऑलिव्हीन, प्लॅजिओक्लेज आणि क्लिनोपायरॉक्सीन. हिशेबातली तूट तिथे सापडते. हिंदी महासागरातच, नैऋत्य हिंदी रिजवरच्या अटलांटिस बँकवर, ७३५-बी या क्रमांकाचं विवर दोन मोहिमांत, १९८७ आणि १९९७ साली, दीड किलोमीटर खोल खणलं गेलं. ते जवळजवळ सगळं गॅब्रोतूनच गेलं.

इथे मुलांच्या मनात एक चित्र असतं ते पुसावं लागतं: रांगेखाली उकळत्या शिलारसाचा भलामोठा हौद. पूर्व प्रशांत रांगेवर १९८०च्या दशकात ध्वनिलहरींनी केलेल्या पाहणीत जे दिसलं ते याहून फार लहान आहे. तळाखाली दीडेक किलोमीटरवर, जेमतेम एखाद्या किलोमीटर रुंदीचं, काही दहा मीटर ते शंभरेक मीटर जाडीचं शिलारसाचं भिंग. त्याच्याखाली स्फटिक आणि द्रव यांचा घट्ट लगदा, ज्यात द्रव थोडा आणि स्फटिकच जास्त. आणि ही गोष्ट वेगाने पसरणाऱ्या रांगेची. कार्ल्सबर्ग वर्षाला दोन ते तीन सेंटीमीटर पसरते, म्हणजे संथ. अशा रांगांखाली कायमचं भिंग टिकत नाही. शिलारस अधूनमधून येतो, वरच्या जाड थंड झाकणात अडतो आणि बऱ्याचदा जास्त खोलीवर, जास्त दाबाखालीच गोठू लागतो. दाब जास्त असेल तर क्लिनोपायरॉक्सीन लवकर येतं, म्हणून संथ रांगांच्या काचांत कॅल्शियम आणि ॲल्युमिना यांचं नातं वेगळं पडतं. एकाच उताराचे दोन आकार होतात ते असे.

न तापवता वितळणं

आता ३८ वरून १२. इथे वर्गाचं उत्तर तयार होतं: खाली उष्णता जास्त, म्हणून खडक वितळतो. वरवर पाहता बरोबर वाटणारं हे उत्तर या प्रकरणातली सगळ्यांत मोठी अडचण होती, कारण ते खरं असतं तर रांगेखालीच का वितळावं, आणि मुंबईखाली आज का नाही, हे त्यातून कळतच नाही.

मी आलेखाचे कागद वाटले आणि दोन रेषा काढायला सांगितल्या. पहिली रेषा खडकाच्या स्वतःच्या तापमानाची. प्लेटा दूर सरकतात आणि मोकळी जागा भरायला खालचं घन प्रावरण हळूहळू वर चढतं. उष्णता बाहेर जायला वेळ नसतो, त्यामुळे ते जेमतेम थंड होतं, एका किलोमीटरला अर्ध्या अंशाहूनही कमी. शंभर किलोमीटर खोलीवर ते साधारण १४०० अंशांच्या जरा खाली असतं. दुसरी रेषा कोरडा पेरिडोटाइट ज्या तापमानाला वितळायला लागतो तिची. दाब कमी झाला की हे तापमान किलोमीटरमागे तीन-साडेतीन अंशांनी उतरतं. शंभर किलोमीटरवर ते खडकाच्या तापमानापेक्षा शंभरेक अंशांनी वर असतं, म्हणजे खडक घनच. पण वर येताना ही दुसरी रेषा भराभर खाली येते आणि पहिली जागची फारशी हलत नाही. साठ-सत्तर किलोमीटरच्या आसपास दोन्ही एकमेकींना छेदतात.

कागदावर तो छेद स्वतःच्या पेन्सिलीने पडला तेव्हा वर्गात क्षणभर चुळबुळ थांबली. त्या बिंदूला खडक तापलेला नाही, उलट सुरुवातीपेक्षा थोडा थंडच आहे. तरीही तो वितळतो, कारण दाबाने धरून ठेवलेली वितळण्याची मर्यादा त्याच्याही खाली उतरली. मुंबईखाली आज हे घडत नाही, कारण इथे प्रावरणाला वर यायला मोकळी जागाच नाही, वर जाड थंड झाकण बसलेलं आहे.

एकीने विचारलं, "मग पाण्याचं काय? ते तर वितळणबिंदू खाली आणतं ना?" आणतं. रांगांखालच्या प्रावरणात पाणी दशलक्ष भागांत शे-दोनशे भाग इतकंच आहे, पण त्यामुळे आणि कार्बन डायऑक्साइडमुळे अगदी किंचित वितळण साठ-सत्तरच्या बऱ्याच खालीही सुरू होतं. त्या इवल्याशा द्रवाचं आकारमान नगण्य असलं, तरी जी मूलद्रव्यं खनिजांत बसायला राजी नसतात ती त्यात सगळ्यांत आधी शिरतात.

छेदाच्या वर काय होतं हे मुलांना अधिक रंजक वाटलं. वितळायला उष्णता लागते आणि ती बाहेरून येत नाही, खडक स्वतःचीच वापरतो. म्हणून तो एकदम वितळत नाही. किलोमीटरमागे टक्क्याचा काही भाग, या गतीने द्रव वाढतो आणि स्तंभाच्या अगदी माथ्यालाही तो वीसेक टक्क्यांच्या पलीकडे क्वचितच जातो. स्तंभ साठ किलोमीटरचा आणि सरासरी वितळण दहा टक्के धरलं तर द्रव निघतो सहा किलोमीटर जाडीचा. सागरी कवचाची जाडीही साधारण तेवढीच. हा ढोबळ हिशेब आहे, पण इतका जवळ बसतो की मला तो दर वेळी नव्याने आवडतो.

आणि वितळतं काय? सगळी खनिजं सारख्या प्रमाणात नाही. क्लिनोपायरॉक्सीन पुढे सरसावतं, खूप खोलवर गार्नेट आणि त्याच्या वर स्पिनेलही हातभार लावतं, ऑलिव्हीन बहुतांश जागेवर राहतं. ऑलिव्हीन म्हणजे मॅग्नेशियमची तिजोरी. ती मागे राहते म्हणून द्रवात ३८ ऐवजी ११-१२ टक्केच मॅग्नेशियम ऑक्साइड उतरतं, आणि ॲल्युमिना, कॅल्शियम, सोडियम मात्र मूळ खडकाच्या कितीतरी पट साठतात. मागे उरतो तो हार्झबर्गाइट: ऑलिव्हीन आणि ऑर्थोपायरॉक्सीन (कॅल्शियम जवळपास नसलेलं पायरॉक्सीन), क्लिनोपायरॉक्सीन जवळजवळ संपलेलं. संथ रांगांवर प्रस्तरभंगांमुळे हा उरलेला खडक कधी कधी थेट समुद्रतळावर उघडा पडतो, आणि तिथून उचललेल्या नमुन्यांत ही झीज प्रत्यक्ष मोजता येते.

सोडियमची साक्ष

दोन्ही टप्पे समजले, पण एक खोच राहते. दोन वेगळ्या रांगांवरच्या काचा घेतल्या आणि दोन्हीकडे मॅग्नेशियम ऑक्साइड ८ टक्के निघालं, म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर दोघी साधारण सारख्याच पुढे आल्या. तरी सोडियम एकीकडे दोनच्या आसपास आणि दुसरीकडे साडेतीनच्या पुढे असू शकतं. हा फरक स्फटिकांनी केलेला नाही. तो पहिल्या टप्प्याचा आहे.

सोडियम पहिल्याच थेंबांत उतरतं. थोडंच वितळलं तर ते द्रवात दाट असतं, जास्त वितळलं तर पातळ होतं. एमिली क्लाइन आणि चार्ल्स लॅंगम्युअर यांनी १९८७ मध्ये जगभरच्या रांगांवरचे आकडे आठ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइडवर आणून तपासले. त्यांना दिसलं की जिथे सोडियम कमी तिथे रांग उथळ आणि कवच जाड, आणि जिथे सोडियम जास्त तिथे रांग खोल आणि कवच पातळ. आइसलँडच्या उत्तरेची कोल्बेनसे रिज एका टोकाला, कॅरिबियनमधली खोल केमन दरी दुसऱ्या टोकाला. म्हणजे खालचं प्रावरण किती गरम, हे समुद्राच्या खोलीत आणि काचेतल्या सोडियममध्ये एकाच वेळी लिहिलेलं आहे. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत देखणा निष्कर्ष आहे. पुढच्या काळात त्याच्यावर भर पडली, प्रावरण सगळीकडे एकाच रसायनाचं नसतं ही बाब त्यात धरावी लागली, पण मूळ नातं टिकून आहे.

वाटेत काय झालं

"एवढा रुंद पट्टा वितळतो, तर कवच फक्त मधोमधच का तयार होतं?" हा प्रश्न वर्गातून आला आणि तो योग्यच होता. पूर्व प्रशांत रांगेवर १९९५-९६ मध्ये समुद्रतळावर भूकंपमापकं ठेवून केलेल्या 'मेल्ट' प्रयोगात द्रवाचा पट्टा शेकडो किलोमीटर रुंद दिसला. लाव्हा मात्र मधल्या काही किलोमीटरांतच बाहेर पडतो. एक स्पष्टीकरण असं, की वरचं थंड झाकण रांगेकडे चढत जाणाऱ्या उतारासारखं आहे, वर आलेला रस त्याला अडतो आणि त्याच्या पोटाखालून वर वर सरकत मध्याकडे जातो. दुसरं असं, की प्रावरण वर येऊन दोन्हीकडे वळताना दाबाचा जो फरक पडतो तो द्रवाला आत ओढतो. दोन्ही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात घडत असाव्यात.

रसायन याबाबत आणखी एक गोष्ट सांगतं. सागरी बेसाल्ट कमी दाबाला ऑर्थोपायरॉक्सीनशी समतोलात नसतो. तो वरच्या प्रावरणातून सावकाश झिरपत आला असता, तर ऑर्थोपायरॉक्सीनने भरलेल्या त्या खडकाशी जुळवून घेत आला असता. तसं झालेलं नाही, म्हणजे त्याला स्वतंत्र वाट मिळाली. ओमानमध्ये समुद्राचं जुनं कवच आणि त्याखालचं प्रावरण जमिनीवर चढलेलं आहे. तिथे हार्झबर्गाइटमध्ये ड्युनाइटचे, म्हणजे जवळपास निव्वळ ऑलिव्हीनचे, पट्टे दिसतात. वर जाणारा रस कमी दाबाला ऑर्थोपायरॉक्सीन विरघळवतो आणि बदल्यात ऑलिव्हीन ठेवून जातो. असं होत होत त्याच्या वाटेत ऑर्थोपायरॉक्सीनच उरत नाही. त्या पट्ट्यातून मागून येणारा रस मग फारसा न बदलता वर जातो.

या वाटांनी आलेले सगळे थेंब एकसारखे नसतात. वर पोहोचेपर्यंत ते मिसळतात आणि आपल्याला मिश्रणच भेटतं. क्वचित मात्र ऑलिव्हीनच्या स्फटिकात वाढीच्या वेळी एखादा सूक्ष्म थेंब बंदिस्त होतो. सोबोलेव्ह आणि शिमिझू यांनी १९९३ मध्ये मध्य-अटलांटिक रांगेवरच्या एका ऑलिव्हीनमध्ये असा थेंब दाखवला, ज्यात द्रवाकडे धाव घेणारी मूलद्रव्यं कमालीची कमी होती. तो खडक आधीच बराच वितळून गेल्यावर निघालेला उशिराचा रस होता. असे उशिराचे आणि आधीचे रस मिसळूनच आपल्या फळ्यावरची ओळ बनते.

दख्खनशी तुलना मुलांनी आपण होऊन केली, आणि इथे मुंबईकर असणं कामी आलं. आपल्याकडचे थर समुद्राच्या पातळ कवचातून आलेले नाहीत, जाड खंडीय कवचातून आले. वाटेत त्यांनी त्या कवचाचा अंश घेतला. दख्खनमधल्या बुशे नावाच्या थरांत ही भेसळ सगळ्यांत जास्त, आणि पोलादपूर-महाबळेश्वर वाटेवरच्या आंबेनळी घाटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत सगळ्यांत कमी, म्हणून तेच समस्थानिकांच्या दृष्टीने सागरी बेसाल्टच्या जवळ जातात. शिवाय मनोरी परिसरात ट्रॅकाइट आहे, उत्तन-डोंगरीकडे ऱ्हायोलाइट. सिलिकाने एवढे जड झालेले खडक सागरी रांगांवर दुर्मीळ. तिथे खालून ताजा रस पुन्हा पुन्हा भरला जातो आणि रसायन लांबच्या टोकाला जाण्याआधीच मागे खेचलं जातं. दख्खनच्या उद्रेकांनंतर लवकरच, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी, भारत आणि सेशेल्स वेगळे झाले आणि कार्ल्सबर्ग रांगेचा इतिहास सुरू झाला. म्हणजे हे दोन शेजारी काळानेही फार लांब नाहीत.

शेवटचा प्रश्न वेळेचा होता. हे सगळं व्हायला किती काळ लागतो? युरेनियमच्या मालिकेतलं थोरियम-२३० ताज्या सागरी बेसाल्टमध्ये हिशेबापेक्षा जास्त मिळतं. हे आधिक्य वितळताना येतं आणि पुढे किरणोत्सर्गी क्षयाने विरत जातं. थोरियम-२३० चा अर्धायुकाल सुमारे पंचाहत्तर हजार वर्षं, म्हणजे वितळण आणि उद्रेक यांत काही लाख वर्षं गेलेली नाहीत. रेडियम-२२६ चंही आधिक्य सापडतं, आणि त्याचा अर्धायुकाल अवघा १६०० वर्षं. हे आधिक्य साठ किलोमीटरवर तयार झालं असेल, तर रस काही हजार वर्षांतच वर पोहोचला. ते उथळ प्रावरणात किंवा कवचातल्या लगद्यात तयार झालं असेल, तर खालच्या प्रवासाबद्दल त्यातून काहीच ठरत नाही. अभ्यासकांत यावर अजून एकमत नाही. मुलांनी आपल्या तक्त्यात थोरियमची मर्यादा पेनाने लिहिली आणि रेडियमची पेन्सिलीने.